उजव्या कडेची जागा

गाडी चालवण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणात माणसं कुठे अडतात, असं कुणी अभिरामीला विचारलं असतं तर तिने एका शब्दात सांगितलं असतं: फोटोपाशी. डॉक्टरचा दाखला मिळतो, डोळ्यांची तपासणी होते, फी भरली जाते, ओटीपीही दोन-तीन हेलपाट्यांनंतर येतो. आणि मग पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा एक साधा फोटो माणसाचा अख्खा दिवस खातो. काक्कनाडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून बसायला लागल्यापासून तिने इतके चेहरे नाकारले जाताना पाहिले होते, की शेजारच्या खुर्चीवरची शफना म्हणायची, "तुझ्याएवढी स्थळं तर लग्न जमवणाऱ्या दलालानेही परत पाठवली नसतील."

फोटो तपासायचं ते यंत्र. चेहरा मध्यभागी हवा, मागे पांढरं हवं आणि चेहरा एकच हवा, एवढंच त्याला कळायचं. नाकारलं की अभिरामीच्या पडद्यावर तो फोटो आणि खाली कारणाची एक ओळ यायची. कोट्टयमच्या एका आजोबांचा अर्ज सारखा परत येत होता. कारण: एकापेक्षा जास्त चेहरे. शेवटी तिच्या लक्षात आलं, की आजोबा दरवेळी बैठकीच्या खोलीत येशूच्या तसबिरीखाली बसतात आणि यंत्र देवालाही मोजतं. "देवाला बाजूला करायचं म्हणतेस?" आजोबा भडकले. "नाही अप्पच्चा," अभिरामी म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा."

तिला हे काम आवडायचं ते याचसाठी. पदार्थविज्ञानाची पदवी हातात होती, पुढच्या प्रवेशाला अवकाश होता, आणि इथे दर पाच मिनिटांनी एक लहानसं कोडं समोर यायचं. फोटो नाकारला गेला म्हणजे कारण असणारच. कारण सापडलं की माणूस सुटतो.

त्या गुरुवारी दुपारी फोन आला तेव्हा आधी ऐकू आलं ते इंजिन. जुनं डिझेल इंजिन, एका जागी धडधडणारं.

"नमस्कारम्, परवाना मदत केंद्र. मी अभिरामी. बोला सर."

"सर-बिर नको, मोळे, लेकीसारखी आहेस. मी औसेप्प. डोंगरावरच्या कोडमल्याचा जीपवाला."

"गाडी चालवताना फोन करू नका, सर. आधी बाजूला घ्या."

"उभीच आहे गं लेकी. घरापुढच्या वळणावर. रेंज इथेच मिळते. फोनची बॅटरी मेलीय म्हणून जीपवर लावलाय. इंजिन बंद केलं तर तूसुद्धा बंद."

अभिरामी हसली. त्याचा अर्ज तिने उघडला. सगळं पूर्ण होतं, फक्त फोटो अडला होता. तारीख बघितल्यावर मात्र ती ताठ बसली. परवाना संपून आज वर्ष पुरं होत होतं. पाच वाजता दिवसाचं काम बंद झालं की हा अर्ज नूतनीकरणाचा राहणार नव्हता. नव्याने परीक्षा.

"वर्षभर काय करत होतात, चेट्टा?" सर सोडून तिने थोरल्या भावाची हाक मारली.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, नवा बसवला. जीप ताडपत्रीखाली आणि मी चादरीखाली." मग त्याचा आवाज खाली आला. "मोळे, परीक्षा नको. त्या मैदानात खांब रोवतात आणि त्यांच्यामधून गाडी मागे मागे घेत इंग्रजी एच काढायला लावतात. आमचा कुंजुमोन दोनदा खांब पाडून आला, आणि त्याचे दोन्ही गुडघे त्याचे स्वतःचे आहेत. मी तीस वर्षं घाट उतरलोय, पण एच कधी उतरलो नाही."

"घाई कसली आहे पण?"

"सोमवारी शाळेतल्या सिस्टरना परवाना दाखवायचाय. मळ्यातली पोरं आहेत, लयांमधली, मजुरांच्या चाळींतली. खालून एक जीप यायची, तिने या महिन्यात हात वर केले. पोरं आता वेलचीच्या रानातून चालत जातात. गेल्या आठवड्यात हत्ती रस्त्यात उभा होता, पोरं दुपारपर्यंत झाडामागे. सिस्टर म्हणाल्या, औसेप्पा, तुझ्याशिवाय कुणी वर यायला तयार नाही, पण परवान्याशिवाय मी पोरांना हात लावू देणार नाही. बरोबर आहे त्यांचं. आणि खाली जाऊन स्टुडिओत फोटो काढावा, तर रस्त्यावर झाड पडलंय."

"ठीक आहे. बघते मी," अभिरामी म्हणाली.

फोटो उघडला. पिकलेल्या मिशांचा, गाल बसलेला म्हातारा. निळा सदरा, खिशात पेन. जीपच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसून, मागच्या दांडीला पांढरा पंचा चिमट्यांनी अडकवून त्याने तो काढला होता. युक्ती चांगली होती. पण तो मध्यभागी नव्हता. एका बाजूला झुकून बसला होता आणि दुसऱ्या बाजूचा पंचा रिकामा होता. पूर्ण रिकामा नव्हता. अगदी कडेला कुणाचा तरी कान, गालाची एक पट्टी आणि राखाडी कापडाचा खांदा आला होता.

खाली ओळ होती: एकापेक्षा जास्त चेहरे.

"चेट्टा, शेजारी बसलाय त्याला जरा उतरायला सांगा आणि पुन्हा काढा."

"शेजारी कोण?"

"तुमच्या शेजारी. फोटोत आलाय."

"कुणी नाही, मोळे. बायको चर्चला गेलीय. मी एकटा आहे."

तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "मागे-पुढे एखादी तसबीर? आरसा?"

"पुण्याळन आहे, आमचा संत. घोड्यावरचा गीवर्गीस. पण तो समोर काचेपाशी, माझ्याकडे तोंड करून."

म्हणजे तो नव्हे. अभिरामीने फोटो मोठा केला. सेल्फीत डावं-उजवं उलटं होतं, म्हणून तिने सदऱ्याचा खिसा बघितला. खिसा असायचा तसा त्याच्या डाव्या छातीवरच होता. फोटो उलटा नव्हता. म्हणजे तो झुकला होता डावीकडे, आणि तो खांदा होता त्याच्या उजव्या हाताला. जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या हाताला असतं काय? उघडी बाजू. त्यापलीकडे रस्ता.

"बाहेर कुणी उभं होतं का, त्या बाजूला?"

"त्या बाजूला दरी आहे," औसेप्प म्हणाला.

फोनचा कॅमेरा दोन-चार फोटो जोडून एक करतो. त्यात डोकं हललं तर त्याच माणसाचं भूत शेजारी उमटतं. हे तिला माहीत होतं आणि हेच कारण असणार, असं तिने ठरवलं. "हलू नका आणि मध्यभागी बसा. तुम्ही फार डावीकडे बसलाय."

"ती सवय आहे गं." तो हसला. "आमच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजवीकडेही एक जण बसतो. आता पोलीस बसू देत नाहीत, पण पूर्वी जीप एकच, माणसं डझनावारी. पुढे चौघं, आणि पाचवा ड्रायव्हरच्या सीटच्या उजव्या कडेला. अर्धा आत, अर्धा बाहेर, एक पाय बाहेरच्या फळीवर. म्हणून आम्ही सगळे जुने ड्रायव्हर डावीकडे सरकूनच बसतो. जागा सोडून."

"कोण बसायचं तिथे?"

"कोण म्हणून सांगू? जो शेवटी येईल तो. आपण रस्ता बघायचा, की त्याचं तोंड बघायचं? आपल्याला दिसते फक्त बाही. वळण घेताना आपलं कोपर त्याच्या बरगडीत बसतं, तेव्हा कळतं की आहे."

दुसरा फोटो आला. औसेप्प थोडा मध्यभागी सरकला होता. कडेचा माणूसही तेवढाच आत सरकला होता. आता अर्धा चेहरा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला राखाडी सदरा, ओले केस. मिशा नव्हत्या.

औसेप्पला मिशा होत्या. तेव्हा डोकं हलल्याचं कारण गेलं.

अभिरामीने शफनाला खुणेने बोलावलं. शफनाने वाकून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ असेल. म्हातारे चेष्टा करतात गं. मागच्या महिन्यात माझ्या एका गिऱ्हाइकाने बकरी धरली होती मांडीवर." आणि ती तिच्या फोनकडे गेली.

"चेट्टा," अभिरामी म्हणाली, "वेळ कमी आहे. चेष्टा नको. तो जो कुणी आहे, त्याला उतरवा."

पलीकडे इंजिन धडधडत राहिलं. मग औसेप्पने फोन तोंडापासून लांब नेला असावा. त्याचा आवाज दुसरीकडे वळला, थट्टेचा, थोडा मोठा: "अहो, जरा उतरता का? माझी लेक रागावलीय."

लोखंड करकरलं. जड माणूस जीपमध्ये चढला किंवा उतरला की स्प्रिंगचे पाटे करकरतात, तसं.

"उतरला?" अभिरामीने विचारलं.

"कोण, मोळे?" औसेप्प म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

तिने त्याला जीपमधून उतरवायचं ठरवलं. वळणापलीकडे क्रुसाची छोटी घुमटी आहे, तिला पांढरी भिंत आहे, असं तो म्हणाला; फोनही एव्हाना तेवढ्यापुरता चार्ज झाला होता. तिथे फोटो काढायचा आणि रेंजमध्ये येऊन पाठवायचा.

"थांब, पंचा टाकतो सीटवर."

"पंचा कशाला?"

"इंजिन चालू ठेवून उतरायचं असेल तर सीट रिकामी सोडायची नाही. घाटात कुणीच सोडत नाही. पंचा टाकायचा. म्हणजे जागा धरलेली राहते."

"कोण घेणार आहे जागा?"

"माझ्या आशानने, गाडीच्या गुरूने शिकवलं, मी करतो. त्यालाही मी विचारलं नव्हतं."

त्याची लंगडती पावलं खडीवरून जाताना ऐकू आली आणि मग रेंज तुटली. फोन पुन्हा लागेपर्यंत अभिरामीने दुसरा कुणाचाही फोन घेतला नाही. हे नियमात बसत नव्हतं.

भिंतीवर शेवाळ होतं, त्यामुळे यंत्राने आधी तेच कारण दिलं: पार्श्वभूमी पांढरी नाही. त्याखाली दुसरी ओळ होतीच. भिंतीपाशीही औसेप्प डावीकडे सरकून उभा होता, आणि सोडलेल्या जागेत राखाडी सदऱ्याचा तो माणूस उभा होता. आता दोन्ही डोळे दिसत होते. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. औसेप्पच्या हातांकडे बघत होता.

तिने फोटोचा तो कोपरा कापून बघायला सांगितलं. औसेप्पने कसंबसं कापलं, तर चेहरा मध्यभागी राहिला नाही. पुन्हा नकार.

"मोळे," औसेप्प जीपमध्ये येऊन बसला होता, "कसा दिसतो तो?"

तिने फोटो पुन्हा मोठा केला. मग जसं दिसत होतं तसं सांगितलं. सदरा, बटणं, केस.

"चेहरा मला ओळखू यायचा नाही," तो म्हणाला. "मी कधी बघितलाच नाही. पण एक सांगतो. माझ्या जीपचा उजव्या बाजूचा पाटा दर पावसाळ्यात बसतो. दुरुस्त केला की पुन्हा बसतो. हे वर्षभर ती ताडपत्रीखाली होती. परवा मेकॅनिकने बघितलं, तर पुन्हा बसलेला. मला म्हणतो, औसेप्पचेट्टा, आत कुणाला भाड्याने ठेवलं होतंत का?"

तो हसायला गेला, पण हसू पूर्ण झालं नाही.

"तिथे बसलेला पैसे देताना मी पाहिला नाही," तो म्हणाला. "उतरतानाही नाही. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरतात, असं आपण धरून चालतो."

पाच वाजायला आले होते. पलीकडच्या रांगेतल्या मुली डबे आवरत होत्या. अभिरामीच्या डोळ्यांसमोर मात्र झाडामागे उभी राहिलेली पोरं होती. फोटोत काय आहे हा प्रश्न नंतरचा, असं तिने स्वतःला बजावलं. आधी तो अर्ज गेला पाहिजे. आणि तिला कोट्टयमचे आजोबा आठवले.

दोन वस्तू एका वेळी एका जागेत राहू शकत नाहीत. हे शाळेतच शिकवतात.

"चेट्टा, तुम्ही जागा सोडता म्हणून तिथे काहीतरी येतं. सोडूच नका. तुम्हीच उजव्या कडेला जाऊन बसा. अगदी कडेला, एक पाय फळीवर. तिथे तुम्ही असाल तर दुसरं कुणी कसं असेल?"

अभिरामीने घड्याळाकडे बघितलं.

"पंच्याचा मध्य तिकडे घ्या आणि काढा फोटो."

"सीट रिकामी राहील, मोळे."

"पंचा टाका मग."

"पंचा मागे लावलाय. माझ्याकडे पांढरं तेवढंच आहे."

"इंजिन बंद करा."

"फोन बंद पडेल. होतं तेवढं चार्जिंग भिंतीपाशी संपलं."

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे," अभिरामी म्हणाली.

चिमटे सरकवल्याचा आवाज आला. मग म्हाताऱ्या माणसाचं कण्हणं, गुडघा वळवतानाचं. मग वारा, आतापर्यंत फोनमध्ये वारा नव्हता.

पाटे करकरले.

फोटो आला. औसेप्प मध्यभागी होता. पिकल्या मिशा, निळा सदरा, खिशात पेन. एकच चेहरा. यंत्राने हिरवी खूण दिली.

सवयीने तिने फोटो मोठा केला. औसेप्पच्या डाव्या हाताला, जिथे तो रोज बसायचा तिथे, फोटोच्या कडेशी पंच्याची थोडी पट्टी दिसत होती. ती सपाट नव्हती. मागे दाबली गेली होती आणि खांद्याच्या उंचीवर तिला आडव्या चुण्या पडल्या होत्या.

चुण्या कशानेही पडतात. वाऱ्यानेही.

तिने अर्ज पुढे पाठवला. "झालं, चेट्टा. गेला."

पलीकडे इंजिनाचा आवाज एकदा चढला, ॲक्सिलरेटर दाबून बघावा तसा, आणि खाली आला.

"चेट्टा?"

"हो, मोळे." वारा जोरात होता. "गुडघा धरलाय. उठता येत नाहीय इथून." मग रेंज गेली.

तिने दोनदा उलट फोन लावला. दोन्ही वेळा तो बंद होता. बॅटरी, ती स्वतःशी म्हणाली.

पुढचे काही दिवस ती येता-जाता कारणं शोधत राहिली. वाफ धरलेली काच, जुना स्वस्त कॅमेरा, म्हाताऱ्याचा एखादा नातेवाईक. शुक्रवारी सकाळी परवाना मंजूर झाल्याची नोंद तिला दिसली. पोरांना सोमवारपासून जीप मिळेल, एवढं तरी खरं होतं.

नंतरच्या आठवड्यात सकाळी सकाळी शफनाने खुर्ची फिरवली. "तुझा जीपवाला. तुझ्याशिवाय कुणाशी बोलायला तयार नाही. घे."

"मोळे! कार्ड आलं." औसेप्पचाच आवाज होता, पण लांबून आल्यासारखा, वाऱ्याने तुकडे केलेला. मागे पोरं गलका करत होती. इंजिन धडधडत नव्हतं, ओढत होतं. जीप चढावर होती. "सिस्टर खूश. पोरं खूश. तुला सांगायचं राहिलं होतं."

"छान झालं. पण चेट्टा, पोरं आहेत ना गाडीत? चालवताना फोन नको, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी. ठेवा बरं."

"मी कुठे चालवतोय, मोळे."

अभिरामीने हेडफोन कानावर दाबून धरला.

"मी कडेला आहे. वारा फार लागतो इथे, एवढंच. आणि वळण आलं की त्याचं कोपर बसतं बरगडीत."

"जीप थांबवायला सांगा," अभिरामी म्हणाली. "चेट्टा, त्याला थांबवायला सांगा."

"हात चांगला आहे त्याचा," औसेप्प समजूत घालावी तसं म्हणाला. "इतकी वर्षं बघत होता ना."

मागे पोरांनी गाणं धरलं. वळण जवळ आलं असावं. कुणीतरी, अगदी सफाईने, गिअर खाली टाकला.